मिलिमीटररावांच्या हिरव्या रेघा

त्या घरात उघडं म्हणून काही राहत नसे. टीव्हीला कव्हर होतं, मिक्सरला कव्हर होतं, रिमोटला प्लास्टिकची पिशवी होती आणि ती पिशवी मळू नये म्हणून तिच्यावर कापडी खोळ होती. घरची बाई चाळीस वर्षं शिवण शिकवत होती आणि तिच्या हातून कापडाचा तुकडा कधी वाया गेला नव्हता, एवढंच याचं कारण. सगळे तिला शिवणबाई म्हणत. कोपऱ्यावरच्या सभागृहात रोज दुपारी दोन ते पाच त्यांचा वर्ग भरे आणि तिथून त्या चिंध्यांशिवाय परतल्या असा दिवस उगवला नव्हता. त्यांच्या नवऱ्याला मित्र बजावत, की घरात फार वेळ एका जागी बसू नकोस, तुझंही माप घेतील.

नवरा पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचा. जमिनीखालून जाणारा नळ एकदा कागदावर एक मिलिमीटर सरकलेला दिसला, म्हणून त्यांनी मोठ्या साहेबांची सही झालेला नकाशा परत पाठवला होता. तेव्हापासून खात्यात ते मिलिमीटरराव झाले, आणि निवृत्त झाले तेव्हा हे नावही त्यांच्याबरोबर घरी आलं. पुढच्या वर्षी खात्याने त्यांचा कॉम्प्युटरही निकालात काढला. तो त्यांनी बसमध्ये मांडीवर घेऊन घरी आणला, कारण नकाशे काढायचा त्यांच्या सवयीचा जुना प्रोग्राम नव्या कॉम्प्युटरवर चालतच नव्हता. घरात मशीन म्हटलं की शिलाईचं मशीन, म्हणून कॉम्प्युटरच्या उभ्या काळ्या डब्याला 'खोका' म्हणायची पद्धत पडली.

यंदाच्या थंडीत खोका सुरू व्हायला कुरकुर करू लागला. मिलिमीटरराव सहज म्हणून गेले, की बिचाऱ्याला गारठा सोसत नाही, एक कोट शीव त्याला. शिवणबाईंना गंमत कळत नव्हती असं नाही, पण कापड हाताशी असलं की त्या गमतीही मनावर घेत. पंधरा दिवसांत कोट तयार झाला. दोन पदर, मध्ये कापूस, वर चौकड्यांची टीप, समोर खोका चालू करायच्या बटणासाठी गोल काज आणि मागे बंद करायला चार नाड्या. बाईंनी तो चढवला आणि कसा झालाय म्हणून विचारलं. मिलिमीटररावांनी खोक्याला एक फेरी घातली आणि सांगितलं, की डावी बाजू तीन मिलिमीटर सैल आहे.

बाईंनी ती बाजू उसवली आणि पुन्हा शिवली. पुढचे दोन दिवस घरात कामापुरतंच बोलणं झालं. पण कोट असा बसला, की त्यातून वारा जायची सोय उरली नाही. खोक्याचा पंखा पूर्वी घरघरायचा, तो आवाजही दबला, आणि हे आपल्या शिलाईचं यश आहे असं बाईंनी शेजारीपाजारी सांगितलं.

कोट मात्र रोजच्या वापरातला. पाहुणे येणार असले की पलंगावरची चादर बदले, चांगले कप निघत, आणि खोक्याचा कोट उतरून त्याला क्रोशाचं पांढरं, जाळीजाळीचं कव्हर चढे. पाहुण्यांची पाठ वळली की जाळी घडी होऊन कपाटात जाई आणि कोट पुन्हा खोक्याच्या अंगावर. मिलिमीटररावांना यातलं काही दिसत नसे. नळ सरकलेला दिसायचा, पण लग्नाला अडतीस वर्षं झाल्यावर घरातली कव्हरं कुणाला दिसतात?

त्याच सुमारास त्यांनी एक मोठं काम अंगावर घेतलं होतं. बाईंचे गुडघे आता कुरकुरत होते आणि तीन महिन्यांनी त्या वर्ग आपल्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या हाती सोपवणार होत्या. त्यांच्याजवळ खाकी कागदावर कापलेले एक्केचाळीस नमुने होते. बाह्या, कॉलर, कंबरपट्ट्या, लहान मुलांची झबली, सगळं चाळीस वर्षांचं संचित, आणि आता ते घड्यांवर फाटत चाललं होतं. त्यांचं नीट पुस्तक व्हावं आणि वर्गातल्या प्रत्येकीला एकेक मिळावं, असं बाईंच्या मनात होतं. मिलिमीटरराव म्हणाले, मी काढून देतो कॉम्प्युटरवर. बाईंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुमच्या नळांना कंबर नसते," त्या म्हणाल्या. "माणसाचं अंग पट्टीने आखलेलं नसतं, एवढं लक्षात ठेवा म्हणजे झालं."

सकाळी टेबल बाईंच्या कापणीला लागे, त्यामुळे मिलिमीटररावांची पाळी दुपारची. बाई वर्गाला गेल्या की ते नमुना पसरत, टेप लावून एकेक बिंदू मोजत आणि पडद्यावर रेघ ओढत. एका बाहीला दोन दिवस लागत. आणि त्यांना आश्चर्य वाटत होतं. नुसत्या हाताने, कात्रीच्या ओघात काढलेली ती वळणं कुठेही अडखळत नव्हती. मुंढ्याचं, म्हणजे बाही खांद्याला जोडतात तिथलं, वळण त्यांनी तीनदा मोजलं, तिन्ही वेळा तंतोतंत. हे बाईंना सांगायला हवं होतं. त्यांनी सांगितलं नाही. चुका सांगायची सवय होती, बरोबर असलेलं सांगायची नव्हती.

थंडी सरत आली आणि बारावा नमुना चालू असताना पडद्यावर बाहीच्या मधोमध एक हिरवी रेघ उमटली. मिलिमीटररावांनी ती पुसायला घेतली, पण नकाशात तशी रेघच नव्हती. नसलेली रेघ पुसायची कशी? थोड्या वेळाने तिला सोबत आली, मग गुलाबी चौकोनांची रांग लागली, आणि साडेतीन वाजता बाहीचं एक टोक तिथून निसटून पडद्याच्या कोपऱ्यात त्रिकोणासारखं जाऊन बसलं. दुसऱ्या दिवशी तेच. पाच वाजता बाई घरी आल्या तेव्हा त्यांनी लगेच बोलावून दाखवलं. बाई सुईत दोरा ओवायचा चष्मा नाकावर ठेवूनच आल्या, ज्यातून वीतभर पलीकडचं जग त्यांना धुकं होऊन दिसे.

"कुठे काय? रेघा आहेत."

"अगं, त्या हिरव्या बघ. त्या नकोत तिथे."

"नकाशात रेघाच असणार ना? त्यातल्या जास्तीच्या कुठल्या ते मला काय कळणार," असं म्हणून बाई चहा टाकायला गेल्या.

मिलिमीटररावांनी नमुना छापून पाहिला. कागद स्वच्छ, रेघेचं नाव नाही. कॉम्प्युटरलाच सांगून पडद्याचं चित्र साठवलं आणि उघडून पाहिलं, तर तेही धुतल्या तांदळासारखं. मग मोबाईलने पडद्याचा फोटो काढून दुरुस्तीवाल्याला पाठवला. पडद्याचा फोटो काढला की रेघा येतातच काका, असं त्याचं उत्तर आलं, आणि बघायला येतो असंही.

या दुरुस्तीवाल्याला सगळी वस्ती 'शंभरटक्के' म्हणून ओळखे. पन्नाशीचा, पोट सुटलेला, खांद्याला हत्यारांची पिशवी, आणि दुखणं कुठलंही असो, त्याचं निदान शंभर टक्के. तो येणार म्हणून बाईंनी सकाळीच चादर बदलली. शंभरटक्केने मॉनिटरची वायर हलवून पाहिली, शंभर टक्के वायर असं जाहीर करून ती बदलली आणि अर्धा तास पडद्यासमोर बसला. पडदा आरशासारखा. चहा चांगल्या कपात घेऊन तो गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी रेघा परत हजर.

दुसऱ्या खेपेला शंभर टक्के ड्रायव्हर होता. मिलिमीटररावांना त्याने समजावलं, की पडद्यावर चित्र काढणाऱ्या कार्डाला कामं सांगणारा हा एक छोटा प्रोग्राम असतो, तो काढून पुन्हा बसवायचा. त्याने काढला, बसवला, खोका उघडून आतली धूळ फुंकली, कार्ड बाहेर काढून पुसून परत खोचलं. मग पाऊण तास वाट पाहिली. एक रेघ येईल तर शपथ. जाता जाता त्याने बाईंना दाराशी हळूच विचारलं, की काकांचे डोळे कधी तपासलेत का. हळूच म्हणजे मिलिमीटररावांना स्पष्ट ऐकू येईल इतपत.

बाईंनी हे लेकीच्या कानावर घातलं. लेक चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची, म्हणजे आगीत तेल ओतल्यासारखंच झालं. ती रविवारी आली. सासरी गेलेली लेक म्हणजे बाईंच्या हिशेबात पाहुणीच, त्यामुळे चादर, कप, जाळी सगळं ओघाने आलंच. वडिलांनी तिला तासभर पडद्यासमोर बसवून ठेवलं, आता येईल, आता येईल म्हणत. काहीच आलं नाही. लेकीने पडद्याकडे बघणं सोडून वडिलांकडे बघायला सुरुवात केली, आणि मग वडिलांनाही पडद्याकडे बघवेना.

"बाबा, छापलेल्या कागदावर रेघा नाहीत. साठवलेल्या चित्रात नाहीत. आम्हा तिघांना दिसत नाहीत," ती म्हणाली. "मग रेघा आहेत कुठे?"

याला उत्तर एकच होतं आणि ते मिलिमीटररावांच्या कपाळाखाली होतं. लेकीने कोरड्या डोळ्यांसाठी थेंब दिले, दिवसातून तीन वेळा. महिनाअखेरची मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतली. तोवर कॉम्प्युटर रोज अर्धाच तास, आणि थेंबांनी फरक पडला नाही तर राहिलेले नमुने बाहेर छापखान्यात कुणाकडून तरी गिरवून घ्यायचे, असा निकालही देऊन टाकला. बाईंनी मान डोलावली. त्या वेळी एकोणीस नमुने झाले होते आणि बावीस राहिले होते.

मिलिमीटररावांनी वाद घातला नाही, कारण त्यांना स्वतःलाच भीती वाटू लागली होती. दुपारी पडद्यावरून नजर काढून ते भिंतीकडे पाहत. भिंत पांढरी असे. मग खूप वेळ टक लावून पाहिलं की तिथेही हिरवट काहीतरी हलल्यासारखं वाटे. सबंध आयुष्य त्यांनी डोळ्यांवर काढलं होतं. पाठ वाकली, केस गेले, ऐकायला कमी आलं तरी चाललं असतं. पण डोळे गेले तर त्यांच्याजवळ स्वतःचं असं काय उरणार होतं? आणि बाईंची मुंढ्याची वळणं छापखान्यातला कुणी तिऱ्हाईत गिरवणार, वाकडीतिकडी, हे तर त्यांना अजिबात सोसणारं नव्हतं.

मग त्यांनी तेच केलं जे चौतीस वर्षं नोकरीत केलं होतं. नळ गळत असेल तर आधी नोंदी ठेवायच्या. आलेखाच्या कागदावर त्यांनी रकाने आखले. वार, वेळ, नमुना कुठला, रेघा किती, खोलीत उजेड किती, डोळ्यांत थेंब घातले होते का, घरात कोण होतं. अर्ध्या तासाचा लेकीचा नियम त्यांनी रोज मोडला आणि मोडल्याची वेळही इमानदारीने लिहिली. आठवड्याने कागद पाहिला तर एक गोष्ट ठळक होती. घरी माणसं आली की रेघा नाहीत. शेजारीण साखर मागायला आली, त्या दिवशी मात्र रेघा होत्या, पण ती दारातूनच गेली होती. म्हणजे खोका लाजाळू होता, आणि पाहुणा पाहुणा म्हणण्याइतका असला तरच लाजत होता. कागदावरचा आलेख तर हेच सांगत होता, आणि आलेखावर अविश्वास दाखवायची मिलिमीटररावांची हिंमत नव्हती.

त्यांनी शंभरटक्केला तिसऱ्यांदा बोलावलं, दुपारी साडेबाराला. नोंदींचा कागद बघून तो हसला नाही, हा त्याचा मोठेपणा. दीड तास त्याने बाहेरचं ऊन आणि घरातला चहा यांवर काढला. पडदा निर्मळ. शेवटी त्याने सांगितलं, की आता शंभर टक्के काही सांगता येत नाही, आणि त्याच्या तोंडून हे वाक्य पहिल्यांदाच बाहेर पडत असल्यामुळे त्याचाच चेहरा पडला. तो गेला.

मिलिमीटरराव तसेच खुर्चीत बसून राहिले. बाईंना वर्गाची घाई होती. त्या आल्या, खोक्यावरची जाळी काढून घडी घातली, कोट चढवला, मागच्या चार नाड्या भराभर बांधल्या आणि पिशवी उचलून गेल्या. पंचवीस मिनिटांनी पहिली हिरवी रेघ आली.

ते रेघेकडे आणि तिच्या मागून आलेल्या गुलाबी चौकोनांकडे बघत राहिले. मग हळूच मान वळवून खोक्याकडे बघितलं, आणि अडीच महिन्यांत पहिल्यांदा त्यांना तो कोट दिसला. त्यांनी त्यावर हात ठेवला. चटका बसला नाही एवढंच. नाड्या सोडून कोट उतरवला, तर आतून भट्टीचं दार उघडल्यासारखी वाफ अंगावर आली आणि पंखा मोठ्याने घरघरू लागला. दहा मिनिटांत गुलाबी चौकोन गेले, पंधरा मिनिटांत रेघ गेली. त्यांनी कोट पुन्हा चढवला, रेघ आली. काढला, गेली. असं त्यांनी तीनदा केलं, कारण एकदा झालं तर योगायोग, दोनदा झालं तर शंका, असं ते हाताखालच्या लोकांना शिकवत आले होते.

तिसऱ्यांदा रेघ गेली तेव्हा त्यांना नाचावंसं वाटलं. त्यांनी समोरच्या इमारतीवरच्या पाटीतलं बारीकात बारीक अक्षर वाचून काढलं, भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं, छतावरच्या कोळ्याचे पाय मोजले. डोळे शाबूत होते. आता लेकीला फोन करायचा, शंभरटक्केला फोन करायचा आणि पाच वाजता बाई आल्या की त्यांना दारातच सांगायचं, की माझे डोळे ठणठणीत आहेत, तुझ्या कोटाने माझ्या खोक्याचा श्वास कोंडलाय.

हे शेवटचं वाक्य मनात तयार झालं आणि तिथेच अडकलं. हातात कोट होता. आतल्या बाजूला टाके मोजून घातले होते, बाहेरच्यापेक्षाही बारीक, जे कुणाला कधी दिसणार नव्हते. डाव्या बाजूला एकदा उसवून पुन्हा शिवल्याच्या खुणा होत्या. ते तीन मिलिमीटर तिने सैलच ठेवले असते तर निदान थोडी हवा गेली असती. कोटाची कल्पना त्यांची, कोट घट्ट करायची अक्कलही त्यांचीच. तीन मिलिमीटर सांगितले तेव्हा दोन दिवस अबोला झाला होता. आता अख्खा कोटच चुकला म्हणून सांगायचं? तेही तिने वर्ग सोडायच्या महिन्यात, जेव्हा ती रोज संध्याकाळी आपलं चाळीस वर्षांचं काम पुन्हा पुन्हा हातात घेऊन बघत होती?

मिलिमीटररावांनी फोन खाली ठेवला. जन्मात पहिल्यांदा त्यांनी एक चूक सापडूनही कळवली नाही.

दुसऱ्या दिवसापासून बाई फाटकाबाहेर पडल्या की दोन वाजून पाच मिनिटांनी कोट उतरे, घडी होऊन बाईंच्या शिलाईच्या खुर्चीवर बसे, आणि पावणेपाचला पुन्हा चढे. नमुने झरझर होऊ लागले. रविवारी लेकीने विचारलं, रेघा दिसतात का? मिलिमीटरराव म्हणाले, नाही. ते खरंच होतं. लेकीचा आनंद गगनात मावेना. बघ आई, मी म्हटलं नव्हतं, थेंबांनीच फरक पडला, असं तिने चारदा ऐकवलं, आणि इतका गुण आलाय तर थेंब आणखी महिनाभर चालू ठेवा म्हणून नवी बाटली काढून दिली. थेंब डोळ्यांना झोंबत. बाई जातीने समोर उभ्या राहून तीन वेळा घालत. मिलिमीटरराव आढ्याकडे बघत निमूट पडून राहत आणि डोळ्यांतून पाणी काढत. खोटं पचवणं त्यांना जमणारं नव्हतं, पण थेंब पचवत होते. मोठ्या डॉक्टरांची वेळ रद्द झाली आणि छापखान्याचं नावही पुन्हा निघालं नाही.

एक्केचाळिसावा नमुना एका शनिवारी संपला. सगळे कागद छापून, भोकं पाडून प्रत्येकीसाठी एकेक पुस्तक बांधून झालं. सोमवारी ते वर्गात द्यायचं होतं. रविवारी सकाळी लेक ते बघायला आली. मिलिमीटरराव दाढी करून बाहेरच्या खोलीत आले तर काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. पलंगावर रोजचीच चादर होती. टेबलावर रोजचे कप. आणि लेक आलेली असूनही खोक्याच्या अंगावर कोट होता.

"आई, पाहुण्यांचं कव्हर कुठंय?" लेकीने विचारलं.

"कापलं."

त्या घरात कापडाचा धडका तुकडा कापला जाणं ही साधी बातमी नव्हती. मिलिमीटररावांनी जवळ जाऊन पाहिलं. कोटाच्या पाठीला, बरोबर पंख्याच्या जागी, एक चौकोनी खिडकी होती. दोन्ही बाजूंना आणखी दोन. आणि तिन्ही खिडक्यांना ती क्रोशाची पांढरी जाळी, कडेने निळी पट्टी लावून शिवलेली. खोका चालू होता आणि जाळीतून ऊबदार वारा बाहेर येत होता.

बाई आपल्या खुर्चीवर बसून सांगू लागल्या. नाड्यांची गाठ त्या घाईत मारतात, दोन टोकं कधी सारखी नसतात. गेले तीन आठवडे रोज संध्याकाळी चारही गाठींची टोकं सारखी होती, अगदी पट्टी लावल्यासारखी. असं टोक बांधणारा माणूस त्यांच्या ओळखीत एकच होता. मग एक दिवस वर्गातून चारला परतल्या. दारातून पाहिलं, तर कोट खुर्चीवर, शिवणीवर शिवण ठेवून घडी घातलेला, आणि पडद्यासमोर हा माणूस डोळे बारीक न करता, चष्मा न पुसता, बाहीचं वळण काढतोय. आत न येता त्या पाच वाजेपर्यंत खाली पायरीवर बसून राहिल्या. कापूस घातलेल्या कपड्यात काय होतं ते त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

लेक एकदा आईकडे, एकदा बापाकडे बघत होती. "म्हणजे रेघा खरंच होत्या?"



"माझ्या कोटाची चूक आहे, एवढं सांगायचं होतं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "ते सांगवेना म्हणून स्वतःला आंधळं ठरवून घेतलंत? रोज तीन वेळा थेंब घातले मी तुमच्या डोळ्यांत. माझ्या हाताने."

मिलिमीटरराव खोक्यापाशीच उभे होते. "तीन मिलिमीटरला दोन दिवस अबोला पडला होता," ते म्हणाले. "इथे तर अख्खा कोट होता. मी हिशेब केला, महिना तरी गेला असता. तेवढा वेळ नव्हता आपल्याकडे." मग जणू कुणी बळजबरीने बोलायला लावावं तसे म्हणाले, "आणि तुझी वळणं मी सगळी तपासली. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. एकसुद्धा चुकलेलं नाही."

बाईंनी पदराने नाक पुसलं आणि पुस्तक उगाच उघडून मिटलं. मग उठून खोक्याजवळ आल्या.

"बरं, ते राहू दे. नीट बघा आणि सांगा, हे कसं झालंय?"

मिलिमीटरराव वाकले. उजवीकडची खिडकी पाहिली, मागची पाहिली, डावीकडची पाहिली. डावीकडे ते जरा जास्त वेळ थांबले. लेकीच्या ते लक्षात आलं आणि तिने मनातल्या मनात देवाचा धावा केला. गप्प बसायला ते नुकतेच शिकले होते, आणि गप्प बसायची याहून चांगली वेळ शोधूनही सापडली नसती. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"छान झालंय. डावी खिडकी दोन मिलिमीटर खाली आहे."

 बाईंनी गळ्यातला टेप काढला, खोक्याच्या वरच्या कडेपासून आधी उजवीकडे लावला, मग डावीकडे, आणि दोन आकड्यांमधलं अंतर चिमटीत पकडून लेकीपुढे धरलं.

"वाच."

"दोन," लेक म्हणाली. "खरंच दोन."

"मुद्दाम ठेवली होती," बाई म्हणाल्या. "म्हटलं, डॉक्टरांऐवजी आपणच बघावं, दिसतंय का अजून." मग त्यांनी कपाटावरची थेंबांची बाटली उचलून लेकीच्या पर्समध्ये टाकली. "ही घेऊन जा. तुझ्या बापाला काही झालेलं नाही."

मिलिमीटररावांनी बाहीने डोळे पुसले. या वेळी डोळ्यांतलं पाणी थेंबांचं नव्हतं. पण सवय ती सवय. त्यांनी डाव्या खिडकीकडे बोट केलं.

"मग आता ती उसवून वर घेशील ना?"

"नाही," बाईंनी टेप पुन्हा गळ्यात अडकवला. "ती तशीच राहील. रोज बघायची आणि रोज गप्प बसायचं."